पऱ्हाट्यांचा विस्तव

नमस्कार श्रोतेहो.

आज पवित्र शनिवार. काल उत्तम शुक्रवारचा उपवास झाला, उद्या पुनरुत्थानाचा सण, आणि मधला हा दिवस प्रभूच्या कबरेपाशी गप्प बसून राहण्याचा. वैजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात आज दुपारपासून चर्चच्या अंगणात पऱ्हाट्या आणि तुराट्या रचायला घेतात. कापूस वेचून झाला की शेतात उरतात त्या पऱ्हाट्या, तुरीच्या उरतात त्या तुराट्या. रात्री त्यांचा विस्तव पेटतो. फादर त्याला आशीर्वाद देतात, त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पेटवतात आणि अंधारातून ती मेणबत्ती पुढे, माणसं मागे, असं सगळं गाव चर्चमध्ये शिरतं. २०२० साली आमच्या चर्चच्या अंगणात तो विस्तव पेटला नाही. त्या वर्षाविषयी आज तुमच्याशी बोलावं असं फार दिवस मनात होतं.

आमचा कॅथलिक समाज मराठवाड्यात थोडा आहे आणि विखुरलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे मिशनरी इकडे आले, घोगरगावला त्यांचं ठाणं झालं आणि तिथून आसपासच्या खेड्यांत प्रार्थना पोहोचली. आमचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ साली झाला. पण धर्मग्राम म्हणजे एक चर्च आणि त्याला जोडलेली कितीतरी खेडी, हे चित्र तेव्हाही होतं आणि आजही आहे. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी फादर महिन्यातून एकदा यायचे. पावसाळ्यात ओढे भरले की तेही नाही. मग रविवार कोण धरायचं? मास्तर धरायचे. आमच्याकडे प्रार्थना शिकवणाऱ्या प्रचारकाला मास्तरच म्हणतात. मास्तर शास्त्रपाठ वाचायचे, बाया भजनं म्हणायच्या, आणि ज्यांच्या गावात मास्तरही नसत त्या घरची म्हातारी जपमाळ धरायची. पुढे रस्ते झाले, फादरांकडे मोटारसायकल आली, मग जीप आली. दर रविवारी मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवायची चर्चमधली मुख्य उपासना, मिळू लागली आणि आजीची ती विद्या आम्ही सावकाश विसरलो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

त्या वर्षी राखेचा बुधवार २६ फेब्रुवारीला आला. कपाळाला राख लावून उपवासकाळ सुरू झाला तेव्हा कोरोना हा शब्द टीव्हीवर होता, गावात नव्हता. २२ मार्चचा जनता कर्फ्यू नेमका रविवारी आला. माझ्या आठवणीतला मिस्सेविना गेलेला तो पहिला रविवार. २५ मार्चला गुढीपाडवा, आणि त्याच दिवसापासून देश बंद. त्याच तारखेला रोमहून पवित्र सप्ताहाविषयीचा आदेश निघाला. फादरांनी तो आम्हाला फोनवर समजावून सांगितला. ईस्टरची तारीख पुढे ढकलता येणार नाही. धर्मगुरूंनी लोकांवाचून विधी करावेत. झावळ्यांची मिरवणूक चर्चबाहेर काढू नये. गुरुवारचं पाय धुणं गाळावं. शुक्रवारी क्रूसाचं चुंबन फक्त विधी चालवणाऱ्यानं घ्यावं. आणि शनिवारी रात्री विस्तव पेटवण्याचा विधी गाळून मेणबत्ती तशीच पेटवावी.

ऐकताना प्रत्येक वाक्यासरशी काहीतरी हातातून काढून घेतल्यासारखं वाटत होतं. पण त्यात चूक काही नव्हती. माणसं वाचवायची तर गर्दी टाळायलाच हवी होती, आणि हे फक्त आमच्याच वाट्याला आलं नव्हतं. त्याच मार्चात पैठणची नाथषष्ठीची यात्रा थांबली होती. पुढे रमजानची नमाज घरोघर झाली. आषाढीला नाथांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. ज्या वारकऱ्यांनी कधी वारी चुकवली नव्हती त्यांना त्या दिवशी काय झालं असेल, हे मी सांगू शकतो.

आमचे मास्तर तेव्हा सत्तरीच्या पुढचे होते. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. त्यांनी वहीत सगळ्या घरांचे नंबर लिहिले आणि रोज संध्याकाळी फोन लावायला सुरुवात केली. मी शाळेतला शिक्षक, म्हणून मला म्हणायचे, "गुरुजी, मिस्सा फादर करतील. घरातली प्रार्थना तर आपल्याला कुणी बंद केली नाही ना?" कुठला शास्त्रपाठ वाचायचा, कुठलं भजन म्हणायचं, ते फोनवर सांगायचे. ज्या घरात वाचता येणारं कुणी नाही तिथे स्वतः वाचून दाखवायचे, आणि पलीकडे सगळं घर फोनभोवती बसून ऐकायचं.

झावळ्यांचा रविवार, म्हणजे प्रभू यरुशलेमेत आला त्या दिवसाची आठवण, ५ एप्रिलला होता. एरवी पोरं ओढ्याकाठच्या शिंदीचे फाटे तोडून आणतात. त्या वर्षी घराबाहेर पडायचं नाही, तेव्हा ज्याच्या दारात जे झाड होतं त्याची डहाळी चौकटीला लागली. बहुतेक घरांवर कडुनिंब होता. अकरा दिवसांपूर्वी गुढीला बांधला होता तोच. योगायोग असा की त्याच रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे लावा, असं देशभर आवाहन होतं. मी ओट्यावर उभा होतो. मारुतीच्या पारापाशी, बुद्धविहाराच्या पायरीवर, मशिदीमागच्या गल्लीत आणि आमच्या वस्तीत एकाच वेळी पणत्या लागल्या. गावात इतकी शांतता होती की वाती चरचरताना ऐकू येत होत्या.

माझी पुतणी आणि जावई त्या वर्षी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेले होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या तळावर कोपी, म्हणजे झोपडी, घालून राहत होते. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायची होती आणि लॉकडाऊन लागल्यावर परतीची वाटही बंद झाली. ऊसतोड मजुरांना घरी परतायला परवानगी मिळाली ती एप्रिलच्या मध्यात, ईस्टर होऊन गेल्यावर. झावळ्यांच्या रविवारी तिचा फोन आला. म्हणाली, "काका, इथं शिंदी नाही, कडुनिंब नाही. मी वाढ्याची झावळी केली. चालतंय का?" वाढं म्हणजे उसाचा शेंडा, बैलाला घालतात तो. मी म्हणालो, "बाई, यरुशलेमेच्या लोकांनीसुद्धा हाताला लागलं तेच तोडून आणलं होतं." फोन ठेवल्यावर मात्र मला बराच वेळ काही बोलता आलं नाही.

आता गुरुवारचं सांगतो. त्या संध्याकाळी प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. दरवर्षी चर्चमध्ये बारा जण बाकावर बसतात आणि फादर गुडघे टेकून त्यांचे पाय धुतात. मी स्वतः दोनदा त्या बाकावर बसलो आहे. त्या दिवशीचा पहिला शास्त्रपाठ बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातला असतो. मिसर देशातून निघण्याच्या रात्री प्रत्येक कुटुंबानं आपापल्या घरात कोकरू खावं, कंबर बांधून, पायात जोडे घालून, घाईघाईनं खावं, आणि घर लहान असेल तर शेजारच्या घराला सामील करून घ्यावं. मी हा पाठ आयुष्यभर ऐकला. पण तो घरात, आपल्याच उंबऱ्याच्या आत, बाहेर मृत्यूची भीती असताना वाचला तेव्हा पहिल्यांदा समजला. तो सणच मुळात घरातला. देऊळ नव्हतं, याजक नव्हते, तेव्हापासूनचा. बायकोनं भाकरी मोडली, अर्धी फडक्यात बांधली आणि भिंतीवरून शेजारच्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीला दिली. तिला शास्त्रपाठ समजावून द्यावा लागला नाही.

मग मी परात आणली, तांब्या आणला. मुलगा पुण्यात अडकलेला, घरात आम्ही दोघंच. मी म्हणालो, "पाय पुढं कर." ती म्हणाली, "अहो, हे काय लावलंय? तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा नाही." आणि म्हणता म्हणता थांबली, कारण पेत्र या शिष्यानं प्रभूला हेच म्हटल्याचं आम्ही नुकतंच वाचलं होतं. मग तिनं पाय परातीत ठेवले. लग्नाला तेव्हा ३८ वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत मी ते पाय कधी नीट पाहिले नव्हते. टाचांना खोल भेगा होत्या, त्यांत काळ्या रानाची माती कायमची बसलेली. मी शाळेत शिकवत होतो तेव्हा निंदणी, वेचणी, पाणी धरणं तिनं केलं. त्या भेगा बोटांनी चाचपताना मला जे वाटलं ते रेडिओवर सांगणं अवघड आहे. चर्चमध्ये बारा माणसांचे पाय धुतले जाताना मी भक्तिभावानं पाहत आलो होतो. पण ज्या पायांवर माझं घर उभं राहिलं ते माझ्या लक्षात आले टाळेबंदीत. तेव्हापासून आमच्या घरी पवित्र गुरुवारी चर्चमधून आल्यावर परात निघतेच. गावातल्या आणखी काही घरांतही ती प्रथा राहिली आहे.

शुक्रवारी भिंतीवरचा क्रूस पाटावर ठेवला आणि तीन वाजता योहानकृत शुभवर्तमानातली दुःखसहनाची कथा वाचली. पुतणीनं तिकडं उसाच्या दोन कांड्या सुतळीनं बांधून क्रूस केला होता.

शनिवारी रात्री फादरांनी रिकाम्या चर्चमधून जागरणविधी यूट्यूबवर दाखवला. आत ते, एक सिस्टर आणि मोबाइल धरणारा मुलगा. आमच्याकडे रेंज मिळवायला माळवदावर चढावं लागतं. चित्र थांबायचं, पुन्हा हलायचं. फादरांचे कष्ट खरे होते, आणि कोपीत बसलेल्या माझ्या पुतणीला त्या फोनशिवाय दुसरं काही नव्हतं, तेव्हा मी त्याला कमी लेखणार नाही. तरीही माझं मत सांगतो. मिस्सा ही पाहण्याची गोष्ट नाही. पाहता पाहता माणूस प्रेक्षक होतो, हात घडीत जातात, तोंडातलं उत्तर तोंडातच राहतं. मास्तरांना हे आमच्या आधी कळलं होतं. त्यांनी दुपारीच फोन करून सांगितलं, "रात्री नुसता फोन बघू नका. चूल विझू देऊ नका. फादर मेणबत्ती पेटवतील तेव्हा घरातले सगळे दिवे घालवा आणि चुलीवरून आपली मेणबत्ती पेटवा. माझ्या लहानपणी फादर येऊ शकले नाहीत की आम्ही असंच करायचो."

आमच्या चुलीत त्या रात्री पऱ्हाट्याच होत्या. खेड्यात जळण तेच असतं. अंगणात जो विस्तव पेटायचा होता तो घरोघर पेटला. खाली चुलीपाशी बायकोनं मेणबत्ती लावली आणि ती माळवदावर घेऊन आली. वाऱ्यानं विझू नये म्हणून पदर आडवा धरला होता. मी फोन उपडा ठेवला आणि आम्ही दोघांनी बाप्तिस्म्याची वचनं मोठ्यानं म्हटली. पलीकडच्या माळवदावरून उत्तर आलं, त्याच्या पलीकडून आणखी एक.

ईस्टरनंतर दोन दिवसांनी १४ एप्रिल. बाबासाहेबांची जयंतीही गावानं घरातच साजरी केली, आणि त्याच दिवशी लॉकडाऊन वाढल्याचं कळलं.

मोठी उपासमार त्यानंतरची. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, घरात होत नाही, फोनवर मिळत नाही. फादरांनी आध्यात्मिक ख्रिस्तप्रसादाची प्रार्थना शिकवली होती, ती आम्ही रोज म्हणायचो. पण भुकेल्यानं भाकरीची आठवण काढावी तसं ते होतं. राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. जवळजवळ आठ महिने. पहिल्या मिस्सेला तोंडाला मास्क, बाकावर अंतर, प्रसाद जिभेवर न देता तळहातावर. शेजारची ती म्हातारी तळहातावरच्या त्या शुभ्र चकतीकडे इतका वेळ पाहत राहिली की रांग थांबली. कुणी तिला पुढं हो म्हटलं नाही.

२०२१ चा ईस्टर ४ एप्रिलला आला. रात्री आठनंतर जमावबंदी होती, म्हणून आमचा जागरणविधी उजेड असतानाच सुरू करून लवकर आटोपावा लागला. मोजकी माणसं. अंगणात छोटा विस्तव केला होता, मास्तर त्याच्यापाशी उभे होते. ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी रात्रीपासून चर्च पुन्हा बंद झालं. ती दुसरी लाट कशी होती ते तुम्हाला सांगायला नको. त्याच महिन्यात मास्तर शहरातल्या दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत. त्यांना तिकडेच पुरलं. आम्हाला जाता आलं नाही.

पास्काच्या मेणबत्तीवर दरवर्षी त्या सालाचे चार आकडे कोरतात. वर्षभर बाप्तिस्म्याला ती पेटते आणि अंत्यविधीला शवपेटीजवळ उभी राहते. मास्तरांची पेटी आमच्या चर्चमध्ये आलीच नाही. फादरांनी त्यांच्या फोटोशेजारी २०२१ ची मेणबत्ती लावली आणि त्यांची ती नंबरांची वही खाली ठेवली. मी घरी बायकोसोबत चुलीवरून आमची मेणबत्ती पेटवली. आसपासच्या घरांनीही तसंच केलं असणार, कारण त्या संध्याकाळी वस्तीत विजेचा दिवा मला कुठे दिसला नाही.

पुढच्या वर्षी पाडव्याला, २ एप्रिल २०२२ ला, निर्बंध उठले आणि १६ तारखेच्या रात्री सगळं गाव पुन्हा विस्तवाभोवती उभं राहिलं. पुतणी त्या हंगामाला गेली नव्हती. तिनं झावळ्यांच्या रविवारी शिंदीच्या फाट्यांत एक वाढं मिसळून आणलं होतं. कुणाला कळलं, कुणाला नाही.

मास्तरांचा नातू आता बारावीला आहे. आजच्या पऱ्हाट्यांची मोळी त्यानं सकाळीच डोक्यावरून आणून अंगणात टाकली आहे. रात्री निर्गमचा चौदावा अध्याय मला वाचायचा आहे, समुद्र दुभंगतो तो. मी घरी एकदा मोठ्यानं वाचून पाहिला. बायको म्हणाली, "सावकाश वाचा, मागच्यांना ऐकू जात नाही."