आतकरवाडीची वाट

(दृश्य: पहाटेचा अंधार. झाडीतून टॉर्चचे ठिपके वर सरकताहेत.)

सिंहगडावर गाडी थेट वरपर्यंत जाते. तरी दर रविवारी पहाटे कितीतरी पुणेकर आतकरवाडीत दुचाकी लावतात आणि पायवाटेला लागतात. वाट जेमतेम पावणेतीन किलोमीटरची, पण चढ सहाशे मीटरच्या आसपास. पहिल्या वळणापर्यंत सगळे बोलत असतात. पुढे नुसती धाप ऐकू येते.

या वाटेवर नाव कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "आज किती?" म्हणजे किती मिनिटं. "पन्नास," असं सांगणारे काका सत्तरीचे असतात. ते ऐकून पंचविशीतला एखादा, बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं, खाली बसतो. वर्षानुवर्षं भेटणारी ही माणसं एकमेकांना ओळखतात ती अशीच: अनवाणी चढणारे काका, पाठीवर वजन घेऊन येणारा, लाडवाचा डबा आणणाऱ्या काकू.

नवख्यांसाठी इथं एक ठरलेलं खोटं आहे.
"अजून किती राहिलंय?"
"आलंच की! पाच मिनिटं."
हे अर्ध्या वाटेवरही सांगतात. आज फसलेला पुढच्या खेपेला उतरताना दुसऱ्याला बिनदिक्कत तेच सांगतो. मग समजायचं, हा आता इथला झाला.

(दृश्य: पुणे दरवाजा. कमरेवर हात ठेवून उभी माणसं.)

४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, तानाजी मालुसरे, इथं कुणाला सांगावी लागत नाही. देवटाक्याचं गार पाणी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या ताटातला ठेचा.

(दृश्य: वाटेवरचं झाप. काकडीवर फिरणारी सुरी.)

मावशी काकडी उभी चिरतात, तिखट-मीठ चोळतात. ताकाची कळशी, लिंबं, काकड्या, सगळं खालून डोक्यावरून आलेलं. त्यांना मात्र "आज किती?" असं कुणी विचारत नाही. आपण पोचतो तेव्हा त्यांचं दुकान मांडून झालेलं असतं. हजेरीही त्याच घेतात.
"मागच्या रविवारी दिसला नाहीत, काका?"
"गुडघा."
"मग आज सावकाश."

ऊन चढलंय. एक मुलगी झापाशी येऊन टेकते.
"मावशी, अजून किती?"
"अर्धा तास आहे बाई. बस, ताक पी."