पानगळीतले ॲम्स्टरडॅम

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. उन्हाळ्यात ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांवरून होडीने जाणाऱ्या प्रवाशाला घरांचे निम्मे वैभव दिसतच नाही, कारण दोन्ही काठांवरच्या एल्म वृक्षांची दाट पालवी खिडक्या आणि माथे झाकून टाकते. आता ती पाने पिवळी पडून गळू लागली आहेत, आणि चारशे वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांनी उभारलेल्या घरांच्या रांगा फांद्यांमधून हळूहळू उघड होत आहेत. हे शहर नीट पाहायचे असेल, तर पानगळीसारखा दुसरा काळ नाही, असे आम्हांला मनापासून वाटते.

शहराचा वाढदिवसही याच दिवसांत येतो. 27 ऑक्टोबर 1275 रोजी हॉलंडचा सरदार पाचवा फ्लोरिस याने आम्स्टेल नदीवरील बंधाऱ्याजवळ राहणाऱ्या लोकांना जकातमाफी दिली. या वस्तीचा कागदोपत्री सापडणारा हा पहिला उल्लेख. दलदलीत नदीला बांध घालून त्याच्या आधाराने राहणाऱ्या त्या लोकांचे गाव पुढे साडेतीनशे वर्षांत युरोपातील सर्वांत श्रीमंत बंदरांपैकी एक झाले.

समोर दिसणारी कालव्यांची अर्धवर्तुळाकार माळ मात्र बंधाऱ्याइतकी जुनी नाही. शहराच्या जुन्या खंदकाच्या, म्हणजे सिंगेलच्या, बाहेर 1613 पासून नवे कालवे खोदायला सुरुवात झाली. हेरेनग्राख्त, काइझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे त्यांतले तीन मुख्य. आधी आराखडा आखून, जमिनीचे अरुंद आणि खोल तुकडे पाडून, ते विकून नवे शहर वसवण्याचा हा त्या काळातला फार मोठा उद्योग होता. काम पश्चिमेकडून सुरू झाले, 1660 च्या दशकात आम्स्टेल नदीपर्यंत पुढे नेले गेले, आणि 2010 मध्ये युनेस्कोने या कालवेमालेचा जागतिक वारशात समावेश केला.

आता घरांच्या माथ्यांकडे पाहावे. काही पायऱ्यापायऱ्यांचे, काही मानेसारखे उंच निमुळते, काही घंटेच्या आकाराचे. जवळजवळ प्रत्येक माथ्यातून एक तुळई बाहेर आलेली असते आणि तिच्या टोकाला लोखंडी आकडा असतो. कालवा हा मालवाहतुकीचा रस्ता होता. माल होडीने दारापर्यंत येई आणि या आकड्याला दोर व कप्पी लावून पोटमाळ्यावर चढवला जाई. कित्येक घरांच्या दर्शनी भिंती रस्त्याकडे किंचित झुकलेल्या आहेत, त्यामुळे वर जाणारा माल भिंतीला घासत नसे. जिने इतके अरुंद आणि चढे आहेत, की आजही घर बदलताना पलंग आणि कपाटे खिडकीतूनच आत जातात.

पोटमाळ्यांवर साठवलेल्या मालाशी आपलाही संबंध आहे. 1602 मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे ॲम्स्टरडॅममधील मुख्यालय आजही उभे आहे आणि तेथे आता विद्यापीठाचे वर्ग भरतात. याच कंपनीने 17 व्या शतकात कोकणात वेंगुर्ल्याला वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी आणि नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना रसद पुरवण्यासाठी ती जागा सोयीची होती. त्या वखारीचे अवशेष आजही वेंगुर्ल्यात आहेत. ज्यांनी ते पाहिले असतील, त्यांनी हेरेनग्राख्तवरून चालताना या संपत्तीचा दुसरा किनारा आपल्याकडे आहे याची आठवण जरूर ठेवावी. त्या संपत्तीत गुलामांच्या व्यापारातून आलेला पैसाही होता. हेरेनग्राख्तवरील 502 क्रमांकाचे घर, जे आज महापौरांचे अधिकृत निवासस्थान आहे, ते एकेकाळी गुलामांच्या व्यापारात गुंतलेल्या पाउलुस गोडिन याचे होते. 1 जुलै 2021 रोजी महापौर फेम्के हाल्सेमा यांनी शहराच्या त्या सहभागाबद्दल जाहीर क्षमा मागितली.

या सगळ्या वैभवाचा भार लाकडावर आहे. येथील माती म्हणजे पाणथळ आणि मऊ थर, त्यामुळे सुमारे 12 मीटर खाली असलेल्या वाळूच्या घट्ट थरापर्यंत लाकडी खांब ठोकून त्यांच्यावर घरे बांधली गेली. 1648 मध्ये ज्याचे बांधकाम सुरू झाले, त्या नगरभवनाखाली, म्हणजे आजच्या राजवाड्याखाली, 13,659 खांब आहेत. डच मुले हा आकडा वर्षाच्या 365 दिवसांच्या आधी 1 आणि नंतर 9 लावून लक्षात ठेवतात. हे लाकूड पाण्याखाली, हवेविना राहिले तर शतकानुशतके टिकते. पाणी खाली गेले आणि खांबांच्या माथ्याला हवा लागली, की बुरशी लागून ते कुजू लागते. म्हणून पाण्याची पातळी जपणे हा येथे साऱ्या घरांच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

पातळी जपण्यासाठी आधी ती मोजावी लागते. 17 व्या शतकाच्या उत्तरार्धात महापौर झालेले योहानेस हुडे हे नावाजलेले गणितज्ञ होते. त्यांनी शहराच्या जलद्वारांमध्ये संगमरवरी शिळा बसवून समुद्रबांधाची उंची शहरपातळीपासून, म्हणजे शहराने आधार मानलेल्या पाण्याच्या पातळीपासून, किती असावी हे कोरून ठेवले. आठ शिळांपैकी एकच आपल्या मूळ जागी, एका जुन्या जलद्वारात उरली आहे. पर्यटक तिथे क्वचितच थांबतात, पण या शहरातील सर्वांत मोलाचा दगड कोणता असे कोणी विचारले, तर आम्ही हाच दाखवू. त्या शहरपातळीतूनच पुढे उंची मोजण्याचा असा आधार तयार झाला, जो आज युरोपातील अनेक देश वापरतात.

तेच पाणी स्वच्छ ठेवणे हे आणखी एक काम. पूर्वी भरती-ओहोटी शहराच्या दारापर्यंत येई आणि कालव्यांत सांडपाणी साचून दुर्गंधी पसरे. 1932 मध्ये मोठा बांध पूर्ण होऊन शहराजवळच्या झाउडरझे या आखाताचे सरोवर झाले आणि त्याची भरती कायमची थांबली. आता आठवड्यातून काही रात्री जलद्वारांची दारे मिटतात, पूर्वेकडील सरोवराचे पाणी आत घेतले जाते आणि जुने पाणी पश्चिमेकडे ढकलले जाते. शरद ऋतूत गळलेली पाने, वाऱ्याने उडालेला कचरा आणि मुसळधार पाऊस यांमुळे या कामाचा भार वाढतो.

पाने गळतात ती एल्मची, आणि एल्म या शहरात टिकून राहिला हीच एक विलक्षण गोष्ट आहे. विसाव्या शतकात बुरशीजन्य रोगाने युरोप आणि अमेरिकेतील कोट्यवधी एल्म मारले. त्या बुरशीचा छडा 1920 च्या दशकात नेदरलँड्समध्येच लागला. देशातील पहिल्या महिला प्राध्यापक योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेत बेआ श्वार्त्स यांनी रोगाचे कारण शोधले आणि ख्रिस्तिने बाउसमन यांनी पुढे ते सिद्ध केले. तेव्हापासून आजारी झाड वेळीच तोडणे, काही झाडांना वसंतात प्रतिबंधक लस टोचणे आणि रोगाला दाद न देणारे नवे वाण लावणे, ही शिस्त शहर पाळते आहे.

आज या वृक्षांपुढे दुसरेच संकट आहे. 1 सप्टेंबर 2020 रोजी ख्रिम्बुर्गवाल या कालव्याकाठी धक्क्याची भिंत अचानक कालव्यात कोसळली. शहरातील सुमारे 200 किलोमीटर धक्क्याच्या भिंती अशाच लाकडी खांबांवर उभ्या आहेत, आणि त्या बांधल्या गेल्या तेव्हा जड मालमोटारींची कल्पनाही नव्हती. आता शहराच्या जुन्या भागात जड वाहनांवर निर्बंध आहेत आणि काठाकाठाने लोखंडी पत्रे पाण्यात रोवून कमकुवत भिंतींना आधार दिला जातो. भिंत नव्याने बांधायची, तर तिच्या काठावरचा, मुळांनी विटा घट्ट धरून ठेवलेला जुना एल्म कधी हलवावा लागतो, तर कधी तोडावा लागतो. कालवा वाचवण्यासाठी कालव्याचेच झाड द्यावे लागते, म्हणून प्रत्येक झाडाचा निर्णय स्वतंत्रपणे, नागरिकांच्या डोळ्यांदेखत आणि कित्येकदा त्यांच्या विरोधाला तोंड देत घेतला जातो. प्रेक्षकहो, आपण नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येथे आलात, तर ते पत्रे आणि खांब ठोकणारी यंत्रे दृष्टीआड करू नका. घड्याळे एक तास मागे गेलेली असतील आणि पाचच्या सुमारास अंधारू लागेल, म्हणून सकाळीच बाहेर पडा, धक्क्यावरून पायी चला, आणि जिथे काम चालू असेल तिथे थोडा वेळ थांबून ते पाहा.