डंकन म्हातारा का झाला?

रसिकहो, शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ची गोष्ट शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मुळे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. बोलायला चेटकिणींपासून सुरुवात करायची रीत आहे. मी डंकनच्या वयापासून करतो.

रंगभूमीवरचा डंकन, म्हणजे गादीसाठी मॅकबेथ ज्याचा खून करतो तो स्कॉटलंडचा राजा, वयोवृद्ध असतो, सात्त्विक असतो, मॅकबेथच्या किल्ल्यात विश्वासाने झोपी जातो. पुढे लेडी मॅकबेथ झोपेत चालताना बरळते, की या म्हाताऱ्याच्या अंगात एवढं रक्त असेल असं कुणाला वाटलं होतं! खरा डंकन म्हातारा नव्हताच. १०३४ साली आजोबांच्या मागे तो गादीवर आला तेव्हा तरुण होता. इंग्लंडमधल्या डरहॅमवरची त्याची स्वारी फसली. मग १०४० च्या ऑगस्टमध्ये तो सैन्य घेऊन उत्तरेकडे मोरे प्रांतात, म्हणजे मॅकबेथच्याच मुलखात शिरला आणि एल्गिनजवळ मारला गेला. तो चाल करून आला होता, पाहुणा म्हणून नव्हे.

त्या काळी स्कॉटलंडमध्ये बापाची गादी मुलालाच मिळेल असा नियम नव्हता. राजघराण्याच्या शाखांमधला जो कर्ता पुरुष असेल, त्याच्याकडे ती जाई, आणि पुष्कळदा रक्त सांडूनच जाई. मॅकबेथची बायको ग्रुओख स्वतः राजाची नात होती. तिच्या पहिल्या नवऱ्याला १०३२ साली पन्नास माणसांसकट जाळून मारलं होतं. अशा बाईच्या मनात काय काय साचलं असेल, याचा विचार करा! मॅकबेथने पुढे सतरा वर्षं राज्य केलं. १०५० साली तो रोमच्या यात्रेला गेला आणि तिथे बी पेरावं तसे गरिबांमध्ये पैसे वाटले, असं एका समकालीन इतिवृत्तकाराने लिहून ठेवलं आहे. राज्य डळमळीत असलेला राजा इतक्या लांबच्या यात्रेला निघत नाही.

मग हा राजा राक्षस कसा झाला? पाचशे वर्षांत बखरकारांनी त्याला तसा केला. १५२७ साली हेक्टर बोइस या स्कॉटिश इतिहासकाराने आपल्या इतिहासात बँको हे पात्र, म्हणजे नाटकातला मॅकबेथचा सहकारी सेनापती, चक्क कल्पनेतून उभं केलं आणि स्ट्युअर्ट राजघराण्याची मुळं त्याच्याशी नेऊन जोडली. ते सगळं हॉलिनशेड या इंग्रज बखरकाराच्या बखरीत उतरलं आणि तिथून शेक्सपिअरच्या हाती आलं. १६०३ साली स्ट्युअर्ट घराण्याचाच जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला होता आणि शेक्सपिअरची नाटकमंडळी त्याच्या आश्रयाखाली होती. जेम्सने चेटूकविद्येवर स्वतः ग्रंथ लिहिला होता. १६०५ मध्ये पार्लमेंट सुरुंगाने उडवून राजाला मारायचा कट उघडकीला आला. राजहत्या हा तेव्हाच्या प्रेक्षकांच्या अगदी ताज्या भीतीचा विषय होता.

म्हणून हे नाटक म्हणजे राजाची खुशामत, असं काही जण म्हणतात. हॉलिनशेडच्या बखरीत बँको खुनात सामील आहे आणि नाटकात निर्दोष, हा त्यांचा मोठा पुरावा. मला हे उत्तर अर्धंच वाटतं, कारण शेक्सपिअरने बखरीतलं आणखी बरंच काही गाळलं आहे. बखरीतल्या मॅकबेथची तक्रार आहे, की डंकनने मुलाला वारस नेमून माझा हक्क बुडवला. ही तक्रार नाटकात जवळजवळ उरतच नाही. बखरीतला मॅकबेथ खुनानंतर दहा वर्षं चांगला राज्यकारभार करतो. नाटकात तीही नाहीत. झोपलेल्या पाहुण्याचा खून तर डंकनचा नाहीच. तो डफ नावाच्या आधीच्या एका राजाचा, त्याच बखरीतून उचललेला.

आता पहिल्या अंकातलं शेवटच्या प्रवेशातलं स्वगत वाचा. मॅकबेथ हिशेब मांडतो: डंकन माझा नातलग, माझा राजा, आज माझा पाहुणा, आणि राजा म्हणून निष्कलंक. खून का करावा याच्या बाजूला एकच गोष्ट उरते, महत्त्वाकांक्षा, आणि तो ती स्वतःच्या तोंडाने कबूल करतो. हक्क, सूड, साथीदार, डंकनचा नाकर्तेपणा, यातली एक जरी सबब त्याच्या हाती राहिली असती, तर हे स्वगत लिहिताच आलं नसतं. डंकनला म्हातारपण आलं ते यासाठी.

सगळ्यांत धाडसाची काटछाट मुलाची आहे. ग्रुओखला पहिल्या नवऱ्यापासून लुलाख नावाचा मुलगा होता. १०५७ साली लुम्फॅननला मॅकबेथ पडला तेव्हा पाठीराख्यांनी या लुलाखलाच राजा केलं, आणि पुढच्या वर्षी डंकनचा मुलगा माल्कम याने त्यालाही संपवलं. नाटकात लुलाख नाही. लेडी मॅकबेथ एकदा सांगते, की मी बाळाला पाजलं आहे. ते बाळ पुन्हा कुठेच येत नाही. आपला राजदंड वांझ आहे आणि चेटकिणींच्या भाकिताप्रमाणे राज्य बँकोच्या वंशाला जाणार, हे मॅकबेथला कुरतडत राहतं. मारेकरी बँकोचा मुलगा फ्लिआन्स याच्यावर सुटतात, मग मॅकबेथच्या विरोधात गेलेल्या मॅकडफ या सरदाराच्या घरावर. मुलं मारली गेल्याचं कळल्यावर मॅकडफ म्हणतो, त्याला मुलं नाहीत. हे मॅकबेथविषयी की सांत्वन करणाऱ्या माल्कमविषयी, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मी ते मॅकबेथविषयीच ऐकतो.