डोंगर वाचले, पण कामगारानं राहायचं कुठे? टीटन काउंटीच्या घरांची गोष्ट

नमस्कार मंडळी! यलोस्टोन बघून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलात की थोड्याच वेळात उजव्या हाताला टीटनचे सुळके दिसायला लागतात. सगळ्यांत उंच ग्रँड टीटन, ४,१९९ मीटर. आधी टेकड्या, मग डोंगर असा प्रकारच नाही. सपाट माळरानातून कडा थेट वर चढतो. खाली स्नेक नदीत राफ्टिंग, जेनी लेकच्या काठानं पायवाटा, हिवाळ्यात स्कीइंग. ही अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातली टीटन काउंटी, काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच समजा. २०२०च्या जनगणनेत इथली वस्ती होती २३,३३१. आणि स्वतंत्र घराची मधली किंमत? ३० लाख डॉलरच्या वर. आपल्या हिशेबात २५ कोटींहून जास्त!

(पडद्यावर काउंटीचा नकाशा, सरकारी जमीन हिरव्या रंगात)

हा नकाशा नीट बघा. जवळपास ९७ टक्के भाग हिरवा आहे. राष्ट्रीय उद्यानं, राष्ट्रीय वनं, एल्क हरणांचं अभयारण्य. घरं, दुकानं, शाळा, हॉटेलं, सगळं उरलेल्या तीन टक्क्यांत बसवायचं.

हा हिरवा रंग आपोआप आलेला नाही. १९२९ साली ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यान झालं ते मुख्यतः डोंगरांपुरतं. खालची दरी खासगी मालकीची होती. जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी एका कंपनीच्या नावानं, स्वतःचं नाव गुप्त ठेवून, तिथल्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. गुपित फुटल्यावर स्थानिक लोक भडकले, वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी ती हजारो एकर जमीन त्यांनी देशाला दिली आणि १९५०मध्ये आजचं उद्यान आकाराला आलं. मला विचाराल तर हे फार मोठं काम झालं. ती दरी प्लॉट पाडून विकली गेली असती, तर आज तिथे बघायला काय उरलं असतं?

पण जमीन मोजकी आणि मागणी देशभरातून. त्यात वायोमिंगमध्ये राज्याचा आयकर नाही, म्हणून गडगंज लोक इथलेच रहिवासी होतात. मग हॉटेलात खोल्या आवरणाऱ्यानं, शाळेतल्या शिक्षिकेनं, दवाखान्यातल्या नर्सनं राहायचं कुठे?

बरेच जण घाटापलीकडे, शेजारच्या आयडाहो राज्यात राहतात. व्हिक्टर, ड्रिग्ज ही ती गावं. मध्ये टीटन पास, दहा टक्के चढाचा घाट, हिवाळ्यात बर्फ आणि हिमस्खलन. ८ जून २०२४ला या घाटातला रस्त्याचा एक अख्खा तुकडा दरीत गेला. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही, पण कामावर जाणाऱ्यांना स्वान व्हॅलीवरून वळसा पडला, एका बाजूनं तासाहून जास्त. तात्पुरता रस्ता २८ जूनला सुरू झाला. काउंटीचा गाडा किती लांबून येणाऱ्या माणसांवर चालतो, हे त्या तीन आठवड्यांत उघडं पडलं.

यावर मला सर्वांत पटलेला उपाय सांगतो. इथे अनेक जमीनमालकांनी बांधकामाचा हक्क कायमचा सोडून दिलाय, रीतसर दस्त करून. जमीन विकली तरी अट तिच्यासोबत जाते. आता हेच घरांच्या बाबतीत करतात. खरेदीखतातच अट: राहणारा काउंटीतच नोकरी करणारा हवा, आणि बऱ्याच घरांना विकताना भाववाढीवर मर्यादा. म्हणजे ते घर सुट्टीचा बंगला होऊच शकत नाही. अशी घरं थोडी आणि अर्ज भरपूर, म्हणून आपल्या म्हाडासारखी सोडत निघते.

आणि पैसा नाही असं कुणी म्हणू नये. केली गावाजवळचा ६४० एकरांचा तुकडा राज्य सरकारच्या मालकीचा होता, त्याचा लिलाव करायचं घाटत होतं. प्रॉन्गहॉर्न हरणं त्याच वाटेनं स्थलांतर करतात. डिसेंबर २०२४मध्ये तो १० कोटी डॉलरना उद्यानात सामील झाला. त्यातले ३ कोटी ७६ लाख देणगीदारांनी उभे केले. योग्यच केलं! माझं म्हणणं एवढंच, की हरणांच्या वाटेसाठी जो हात सैल सुटला, तो रोज पहाटे घाट उतरून येणाऱ्या माणसांच्या घरांसाठीही सुटायला हवा.