टाकी बांधून झाल्यावर

मंडळी, स्थानिक निवडणुकीचा कोणताही जाहीरनामा उघडा. नवी टाकी, नवी जलवाहिनी, नवे दिवे, कचऱ्याचा नवा प्रकल्प. यातलं बरंचसं गरजेचंही असतं. पण टाकी बांधून झाली, फीत कापून झाली की पुढची तीस-चाळीस वर्षं ती चालवायची असते. पंपाचं वीजबिल दरमहा भरायचं, झिजलेले व्हॉल्व्ह बदलायचे, गळती शोधायची, पाण्याचे नमुने तपासायचे. त्याचे पैसे कुठून येणार आणि बिघडलं तर जाब कोणाला विचारायचा, याबद्दल जाहीरनाम्यात अवाक्षर नसतं. माझा आग्रह आहे की मत मागायला येणाऱ्याकडे आपण तेच मागावं.

प्रश्न जुनाच आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे जोसेफ चेंबरलेन १८७३ साली महापौर झाले, तेव्हा शहराचा गॅस आणि पाणी खासगी कंपन्यांच्या हातात होतं. ते पद सोडेपर्यंत, म्हणजे १८७६ पर्यंत, दोन्ही सेवा नगरपालिकेच्या झाल्या होत्या. पण त्यांनी दोन्हींना एकच नियम लावला नाही. गॅसमधून नफा व्हावा आणि तो शहराच्या कामी यावा. पाण्यातून मात्र नफा काढू नये, काही उरलंच तर दर उतरवावा. कोणत्या सेवेतून कमवायचं आणि कोणत्या सेवेतून नाही, हे धोरण त्यांनी उघडपणे मांडलं. आजच्या किती उमेदवारांना हे एका वाक्यात सांगता येईल?

आपल्या काळातलं पॅरिसचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. तिथे १९८५ पासून पाणीवाटप दोन बड्या कंपन्यांकडे होतं, सीन नदीच्या एका काठाला एक, दुसऱ्या काठाला दुसरी. २००८ च्या निवडणुकीत महापौर बर्त्रां दलानोए यांनी पाणी पुन्हा शहराच्या ताब्यात घेण्याचं वचन दिलं आणि १ जानेवारी २०१० पासून ‘ओ द पारी’ ही सार्वजनिक संस्था काम पाहू लागली. पहिल्याच वर्षी सुमारे साडेतीन कोटी युरोंची बचत झाली, २०११ मध्ये दर आठ टक्क्यांनी उतरला. लोक एवढाच आकडा सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते वेळेचं भान. दोन्ही करार २००९ अखेर संपत होते. म्हणजे करार मोडायची वेळ येणार नव्हती, नुकसानभरपाईची टांगती तलवार नव्हती. हाती उरलेल्या काळात कर्मचारी सामावून घेणं, बिलांची यंत्रणा उभी करणं ही किचकट कामं करता आली. ‘खासगीकरण हटवू’ असं कोणीही म्हणतो. करार कधी संपतो, हे ज्याला माहीत आहे त्याचं बोलणं मी गांभीर्याने घेईन.

याचा अर्थ सरकारी म्हणजे आपोआप चांगलं, असा कोणी काढू नये. कंबोडियाच्या नॉम पेन्हमधली पाणीसंस्था सरकारीच होती आणि १९९३ साली तिचं सुमारे ७२ टक्के पाणी गळती, चोरी आणि बिलच न आकारलेल्या वापरात जात होतं. ‘एक सोन चान’ नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती सूत्रं आली. त्यांनी घरोघरी मीटर बसवले, अवैध जोडण्या तोडल्या, वजनदार माणसांनाही बिल भरायला लावलं. साधारण पंधरा वर्षांत तो तोटा सहा टक्क्यांच्या आसपास आला. मालकी बदलली नव्हती, कारभार बदलला होता.

आता जरा जमिनीखाली जाऊ. पाणी दिवसातून दोन तासच सोडतात तेव्हा उरलेला वेळ नळी जवळजवळ रिकामी असते, आत दाब नसतो. सांधा कुठे ढिला असेल आणि शेजारून गटार वाहत असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. मग पाणी सुटलं की पहिला लोट गढूळ येतो. शुद्धीकरण केंद्रातून पाणी स्वच्छच निघालेलं असतं, ते वाटेत नासतं. म्हणून नवं केंद्र बांधण्याच्या आश्वासनापेक्षा जुने सांधे बदलण्याचं आश्वासन पुष्कळदा मोलाचं असतं. पण खड्डा बुजवला की ते काम दिसत नाही आणि त्याचं उद्घाटनही होत नाही.

आणि निवडून दिलेल्यांच्या हाती अधिकारच नसतील तर? अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची कथा ऐकताना मला आजही संताप येतो. शहर कर्जात होतं म्हणून राज्य सरकारने तिथे आणीबाणी व्यवस्थापक नेमला होता; निर्णयाचे अधिकार नगरसेवकांकडे नव्हे, त्याच्याकडे होते. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवायला शहराचं पाणी डेट्रॉइटच्या यंत्रणेवरून तोडून स्थानिक नदीवर आणलं. हे पाणी नळ्या जास्त खाणारं होतं. नळीच्या आतल्या बाजूला संरक्षक थर टिकावा म्हणून पाण्यात जे रसायन मिसळायचं असतं, ते मिसळलंच नाही. जुन्या जोडण्यांमधलं शिसं सुटून पाण्यात उतरलं आणि मुलांच्या पोटात गेलं. मार्च २०१५ मध्ये नगरसेवकांनी ७ विरुद्ध १ मतांनी डेट्रॉइटचं पाणी परत घ्यायचं ठरवलं. व्यवस्थापकाने ते मानलं नाही. ऑक्टोबरपर्यंत लोक तेच पाणी वापरत राहिले. सात नगरसेवकांनी योग्य बाजूने हात वर केला होता आणि त्या हातांना किंमत नव्हती. तेव्हा जाहीरनामा वाचताना हेही पाहा, की वचन दिलेली गोष्ट त्या सभागृहाच्या अखत्यारीत येते तरी का.

शेवटचा मुद्दा दराचा. ‘पाणीपट्टी वाढवणार नाही’ ही घोषणा सर्वांना आवडते. पण खर्च वाढला आणि दर थांबला तर पहिली कात्री देखभालीला लागते, आणि ढिले सांधे तसेच राहतात. ‘अमुक लिटरपर्यंत मोफत’ हे जास्त न्याय्य वाटतं, पण त्याचा लाभ ज्याच्या घरी नळ आहे त्यालाच मिळतो. एका जोडणीवर चार कुटुंबं राहत असतील तर त्यांचा एकत्र वापर मोफतची मर्यादा ओलांडतो आणि गरिबाला चढा दर लागतो. ज्याच्याकडे जोडणीच नाही तो टँकरवाल्याकडून याहून कितीतरी महाग पाणी घेत असतो. नॉम पेन्हने गरीब कुटुंबांना जोडणीच्या शुल्कात सवलत दिली, हप्ते बांधून दिले. त्यामुळे नळ त्यांच्या घरात पोहोचला. सवलतीवर खर्च होणारा पैसा आधी जोडणीवर घाला, असं म्हणणारा उमेदवार मला अजून भेटायचा आहे.