मीटर बदलायला आलेत? थांबा, आधी जुन्याचा फोटो काढा

नमस्कार मंडळी. आज नवीन विषय नाही, जुनाच आहे. मागच्या व्हिडिओखाली तुम्ही एकच प्रश्न इतक्या वेळा विचारलात की उत्तरं टाइप करून माझा अंगठा दुखायला लागला. "ताई, विजेचं मीटर बदलायचे पैसे द्यायचे की नाही?" आणि त्याच्याखाली तुमची आपापसात जुंपलेली. एक म्हणतो खाजगी वीज कंपनी आली म्हणून लूट, दुसरा म्हणतो सरकारी आहे म्हणून अंधार. एका दादांनी लिहिलंय, "एमएसईबी होती तेव्हा असं नव्हतं." दादा, एमएसईबी, म्हणजे आपलं जुनं राज्य वीज मंडळ, ६ जून २००५ ला गेली! तिची चार कंपन्यांत वाटणी झाली, तुमच्या दारात येते ती महावितरण. पण चूक तुमची नाही, माझी आई अजून "बोर्डाचा माणूस आलाय" असंच म्हणते.

तर पैशांचं पटकन सांगते, कारण ते सोपं आहे. कंपनी आपणहून मीटर बदलते, म्हणजे जुनं झालं, बंद पडलं, किंवा स्मार्ट बसवायचंय, तर दारात आलेल्या माणसाला एक रुपया द्यायचा नाही. चहा द्या, पैसे नाही. मीटर चोरीला गेलं किंवा जळलं, तर किंमत तुमच्याकडून घेता येते. ती वीज नियामक आयोगाने मंजूर केलेल्या दराने आणि पावतीवर, हातात नाही. तिसरं, तुम्हालाच स्वतःचं मीटर विकत घेऊन बसवायचं असेल तर २००३ च्या वीज कायद्यात, कलम ५५ मध्ये, तशी मुभा आहे. आणि मीटर जोरात पळतंय असा संशय असेल तर तपासणीची फी भरून अर्ज करा. झालं. महावितरण असो, अदानी, टाटा किंवा बेस्ट असो, कुणाचंही दरपत्रक महाराष्ट्र वीज नियामक आयोगच मंजूर करतो.

आता खरी गोम. ज्यासाठी हा व्हिडिओ करतेय.

(कागद कॅमेऱ्यासमोर धरते)

हा कागद बघा. मीटर बदली अहवाल. जुन्या मीटरचा नंबर, त्याचं शेवटचं रीडिंग, नव्याचा नंबर, नव्याचं सुरुवातीचं रीडिंग, बदलण्याचं कारण, खाली सही. कुणी हा मागत नाही! सगळे विचारतात "पैसे किती?" आणि ज्या एका आकड्यावर खरे पैसे जातात तो आकडा बघतसुद्धा नाहीत.

आमच्याच घरी झालेलं सांगते. कंपनीचं नाव घेणार नाही. सरकारी की खाजगी तेही सांगणार नाही, का ते पुढे कळेल. आई घरात एकटी. दोन मुलं आली, दहा मिनिटांत मीटर बदललं, आईने त्यांना सरबत दिलं, ती गेली. पुढच्या महिन्याचं बिल बघून आईने मला फोन केला, "अगं, मी काय गिरणी चालवते का घरात?" आधीच्या बिलातलं रीडिंग होतं ८३९१. जुन्या मीटरवर शेवटी होतं ८४६२, म्हणजे ७१ युनिट. त्या पोराने लिहिलं ८९६२. चाराचा नऊ. ७१ चे झाले ५७१. आणि आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांनी चढतो, १०० च्या पुढे वेगळा, ३०० च्या पुढे वेगळा, ५०० च्या पुढे आणखी. एका आकड्याने बाई चारही पायऱ्या चढून वर जाऊन बसली.

बिल कमी झालं, पण ते का झालं? आईला मोठ्या अक्षरात रीडिंग भिंतीवर लिहायची सवय आहे म्हणून. मीटरच्या बाजूला, खडूने, तारखेसकट. त्याचा फोटो घेऊन मी वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयात गेले. तीन खेपा झाल्या, पण झालं.

मागे हे सांगितलं तेव्हा निम्मे म्हणाले "बघा, सरकारी कारभार", निम्मे म्हणाले "खाजगी ठेकेदाराचीच पोरं असणार". म्हणूनच नाव घेत नाही. कुठल्याही कंपनीत चाराचा नऊ होतो.

दुसऱ्या बाजूने बघा. तुमचं बिल काढा, महावितरणचं असेल तर चालू रीडिंग, मागील रीडिंग, युनिट, आणि त्याच ओळीत "समा. युनिट" असा एक रकाना आहे. समायोजित युनिट. एरवी तिथे शून्य असतं, म्हणून कुणाची नजर जात नाही. मीटर बदललं त्या महिन्यात जुन्या मीटरचे युनिट तिथे येऊन बसतात. नव्या मीटरचे युनिट वेगळे, आणि एकूण दोन्हींचं. लोक नव्या मीटरचं रीडिंग जुळवून बघतात, ते बरोबर निघतं, मग म्हणतात "स्मार्ट मीटर जोरात पळतंय". अहो, जोरात काय पळतंय, तो रकाना बघा!

आणि तिसऱ्या बाजूने, कारण दोनदा सांगूनही कुणीतरी कमेंटमध्ये "फोटो कशाला" विचारणारच आहे. जुनं मीटर एकदा पोत्यात गेलं की गेलं. ते जास्त दाखवत होतं असं तुम्हाला दोन महिन्यांनी वाटलं, तर तपासायला मीटर कुठाय? बंद मीटरचंही तसंच. मीटर बंद होतं म्हणून कंपनी सरासरीने बिल लावू शकते, पण जास्तीत जास्त तीन महिन्यांचं. वर्षभराचं लावलं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. पण मीटर नेमकं कधीपासून बंद होतं, हे तुम्ही दाखवणार कशाने? अहवालावर कारण लिहून घ्या. "जळाले" एवढंच लिहू देऊ नका. खांबावरची न्यूट्रल तार सुटून आख्ख्या आळीत जास्त व्होल्टेज आलं असेल तर तसं लिहा म्हणावं. ते लिहीत नसतील तर सहीच्या वर तुम्ही लिहा.

बरं, आता तुमचं आवडतं भांडण. सरकारी की खाजगी. महाराष्ट्रात हा प्रयोग करायचा राहिलाय असं बोलू नका, आपण सगळं करून बसलोय. बेस्ट आधी खाजगी होती, ७ ऑगस्ट १९४७ ला मुंबई महापालिकेने घेतली. मुंबईच्या उपनगरात बीएसईएस होती, मग रिलायन्स, २०१८ मध्ये अदानी. भिंत तीच, नावं तीन. भिवंडीत २००७ पासून टोरंट ही खाजगी फ्रँचायझी, म्हणजे तारा महावितरणच्या आणि वसुली टोरंटची. औरंगाबादला २०११ मध्ये खाजगी फ्रँचायझी आणली, २०१४ मध्ये संपली. नागपूरची फ्रँचायझीही २०१९ मध्ये संपली, वीज परत महावितरणकडे आली. आणि श्रीरामपूर-राहुरीकडच्यांना आठवत असेल, मुळा-प्रवरा, वीज वाटणारी सहकारी संस्था! तीही २०११ पर्यंत होती.

मला विचाराल तर फरक एवढाच पडतो की ओरडायचं कुणावर. जून २०२४ मध्ये फडणवीसांनी जाहीर केलं की सामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही. ते का झालं? लोक रस्त्यावर आले, आणि सरकारी कंपनी असली की तिच्या मंत्र्याला मतं मागायला यावं लागतं. खाजगी कंपनीचा मालक तुमच्या दारात मतं मागत नाही. एवढ्यासाठी मी सरकारीच्या बाजूची आहे. लिहा शिव्या.

पण त्याच सरकारी कंपनीच्या "मीटर मोफत" या शब्दावर माझा राग आहे. कंत्राटं खाजगी कंपन्यांना गेली, एका मीटरमागे देखभालीसकट साधारण १२ हजार रुपये, आणि केंद्राचं अनुदान जास्तीत जास्त ९००. उरलेले कुणाच्या मावशीने दिले? कंपनी म्हणते विजेची गळती कमी होईल, वसुली सुधारेल, त्यातून निघतील. निघोत बापडे. नाही निघाले तर खर्च आयोगापुढच्या दरवाढीच्या अर्जात येईल आणि तुमच्या युनिटच्या दरात मुरेल. बिलावर मीटरची ओळ नसणं आणि मीटर मोफत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लंडनहून एका ताईंनी लिहिलंय, त्यांच्याकडेही बसवताना पैसे घेतले नाहीत. ताई, तिथे वीज १९४८ मध्ये सरकारी झाली, १९९० मध्ये परत खाजगी, आणि स्मार्ट मीटरचा खर्च तुमच्याही बिलातूनच वसूल होतो.

म्हणून दरवाढीची जनसुनावणी लागली की हरकत पाठवा. ती सरकारी कंपनीवरही घेता येते, खाजगीवरही. दर वेळी वीज ग्राहक संघटनांची ठरावीक मंडळीच तिथे भांडतात आणि आपण घरी बसून कमेंट करतो.

आणि हो, "ताई, आमच्याकडे आले तेव्हा मी ऑफिसात होतो" म्हणणाऱ्यांसाठी. मीटर बहुतेक जिन्याखाली असतं. आजच संध्याकाळी जाताजाता एक फोटो काढा, मीटर नंबर आणि रीडिंग दोन्ही एकाच फोटोत आले पाहिजेत. काचेवर धूळ असेल तर पुसा. महिन्यातून एकदा काढा.

आमच्याकडे आता स्मार्ट मीटर आहे, रीडिंग मोबाइलवर दिसतं. आईला दाखवलं. तिने चष्मा लावून नीट बघितलं, म्हणाली "छान आहे", आणि खडू घेऊन जिन्याखाली गेली.