लँगहॅम हॉटेलातलं जेवण आणि नाटककार डिटेक्टिव्ह

श्रोतेहो, नमस्कार.

रहस्यकथा वाचताना आपण घरातल्या सगळ्यांवर संशय घेतो. नोकरावर, पुतण्यावर, अगदी आजारी आत्यावरसुद्धा. विश्वास टाकतो तो एकट्या डिटेक्टिव्हवर. त्याचं काही वाईट होणार नाही याची आपल्याला खात्री असते. आज ज्या कादंबऱ्यांविषयी बोलणार आहे, त्यांत ही खात्रीच काढून घेतलेली आहे. या कादंबऱ्यांतला डिटेक्टिव्ह आहे नाटककार ऑस्कर वाइल्ड. लेखक जाइल्स ब्रँड्रेथ. मालिकेतलं पहिलं पुस्तक आलं २००७ साली. गोष्ट सांगतो रॉबर्ट शेरार्ड. हा वाइल्डचा खराखुरा मित्र, पुढे त्याचा चरित्रकार, आणि कवी वर्ड्‌सवर्थचा वंशज. वाइल्डच्या मित्रमंडळात आर्थर कॉनन डॉईलही आहेत. म्हणजे शेरलॉक होम्सला जन्म देणारा माणूस बाजूला बसलेला, आणि तपास करतोय नाटककार!

वाइल्ड आणि डॉईल यांची ओळख कादंबरीकाराने आपल्या सोयीसाठी रचली, असं पुष्कळ वाचकांना वाटतं. तसं मुळीच नाही. ही ओळख खरी आहे. कुठे झाली, कधी झाली, त्या रात्री कोण काय बोललं, हे आपल्याला माहीत आहे. तीच हकिकत मला आज सांगायची आहे.

तारीख ३० ऑगस्ट १८८९. लक्षात ठेवा, १८८९. जागा लंडनमधलं लँगहॅम हॉटेल. हे हॉटेल पोर्टलँड प्लेसला आहे, आजही सुरू आहे, आणि त्याच्यासमोर बीबीसीचं ब्रॉडकास्टिंग हाउस उभं आहे. त्यामुळे आम्हा रेडिओवाल्यांना त्या हॉटेलचं प्रेम जरा जास्तच.

जेवायला बोलावलं होतं जोसेफ स्टॉडार्ट यांनी. हे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या ‘लिपिनकॉट्स’ मासिकाचे संपादक. मासिकाच्या एकेका अंकात ते एक अख्खी कादंबरी छापायचे, आणि इंग्लंडमध्ये त्यांना नवे लेखक हवे होते. टेबलाशी चौघं. स्टॉडार्ट, गिल नावाचे एक आयरिश खासदार, वाइल्ड आणि डॉईल.

डॉईल तेव्हा तीस वर्षांचे. पोर्ट्समथजवळ साउथसीला त्यांचा दवाखाना होता. होम्सची पहिली कादंबरी त्यांनी सगळ्या हक्कांसकट २५ पौंडांना विकून टाकली होती. तिचा फारसा गाजावाजा झाला नव्हता, आणि होम्सला पुन्हा बोलावण्याचं काही कारणही नव्हतं. समोर वाइल्ड. वय चौतीस, उंचापुरा, लंडनभर ज्याच्या बोलण्याची चर्चा असा माणूस. अशा माणसासमोर बसल्यावर साउथसीच्या डॉक्टरचा घास घशात अडकायचा.

आणि वाइल्डने काय केलं? डॉईल यांची ‘मायका क्लार्क’ ही ऐतिहासिक कादंबरी त्याच वर्षी आली होती. वाइल्डने ती वाचलेली होती, आणि तो तिच्याविषयी भरभरून बोलायला लागला. डॉईल यांचं अवघडलेपण तिथेच संपलं. आपण इथे परके नाही, असं त्यांना वाटलं.

मग गप्पा रंगल्या. मित्राचं भलं झालं की माणसाला आतून कसं टोचतं, असा विषय निघाला. त्यावर वाइल्डने एक गोष्ट सांगितली. लिबियाच्या वाळवंटातून सैतान चालला होता. वाटेत त्याला दिसलं की काही छोटी भुतं एका तपस्व्याला छळताहेत. सगळे मोह दाखवून झाले, पण तपस्वी ढिम्म. सैतान पुढे झाला. म्हणाला, तुमची पद्धत फार धसमुसळी आहे, जरा बाजूला व्हा. तो तपस्व्याजवळ गेला आणि त्याच्या कानात हळूच सांगितलं, “तुझ्या भावाला अलेक्झांड्रियाचा बिशप केलंय.” झालं! त्या शांत चेहऱ्यावर मत्सराचं काळंकुट्ट सावट पसरलं. सैतान भुतांकडे वळला आणि म्हणाला, हे असं करायचं असतं.

दुसरा विषय निघाला तो पुढच्या काळातल्या युद्धांचा. वाइल्ड म्हणाला, दोन्ही बाजूंनी एकेक रसायनतज्ज्ञ हातात बाटली घेऊन सरहद्दीवर येईल. बोलताना त्याने हात उंचावला, चेहरा असा नेमका केला की ती बाटली समोर दिसावी. ऐकणारे त्या रात्री हसले असतील. १९१५ मध्ये रणांगणावर खरंच विषारी वायू सोडला गेला.

हे सगळं आपल्यापर्यंत आलं, कारण डॉईल यांनी ते आपल्या आत्मचरित्रात लिहिलं. ते छापलं गेलं १९२४ मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी. चौघांपैकी एकाने तरी त्याच रात्री खोलीवर जाऊन चार पानं खरडली असती तर! माझं एक ठाम मत आहे, विषय सोडून सांगते. चांगल्या गप्पा झाल्या की झोपण्याआधी त्या लिहून ठेवाव्यात. पत्रं राहतात, हिशेबाच्या वह्या राहतात, आणि माणसाच्या तोंडून निघालेलं सगळ्यात चांगलं वाक्य सकाळपर्यंत हरवलेलं असतं. लिहा हो, त्याच रात्री लिहा.

असो. त्या जेवणातून दोन कादंबऱ्या निघाल्या. डॉईल यांनी होम्सला पुन्हा बोलावलं आणि ‘द साइन ऑफ द फोर’ लिहिली. ती फेब्रुवारी १८९० च्या अंकात आली. वाइल्डने लिहिली ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’. ती आली त्याच वर्षी जुलैमध्ये. एक जेवण, दोन कादंबऱ्या. ‘साइन ऑफ द फोर’मधला थॅडियस शोल्टो आठवतो का? भारी गालिचे, पडदे आणि हुक्का यांत रमलेला, कलेवर बोलत सुटणारा. त्याच्यात अनेकांना वाइल्डची छाया दिसते, आणि मलाही दिसते.

डॉईल यांनी त्या संध्याकाळीविषयी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. वाइल्ड सगळ्यांपेक्षा कितीतरी वरचढ होता, तरी समोरच्याच्या बोलण्यात त्याला रस आहे असं प्रत्येकाला वाटायचं. नाटककार डिटेक्टिव्ह म्हणून शोभतो तो यामुळेच. होम्स राख तपासतो, बुटांचा चिखल बघतो. नाटककार कान देतो. हे वाक्य या माणसाच्या तोंडचं आहे की कुणीतरी त्याला पढवलंय, हे त्याला चटकन कळतं. कोण कुठल्या क्षणी खोलीत आलं आणि कोण उगाचच बाहेर गेलं, हे बघणं तर त्याचं रोजचं काम. या जातीच्या कादंबऱ्यांत बंगल्याच्या फर्निचरची पाच-पाच पानं आली की मी सरळ उलटते. मला संवाद हवेत.

इंग्रजी नाटककारांची आयुष्यं या कामाला सोयीची आहेत, हेही खरं. शेक्सपिअरचं १५८५ ते १५९२ या काळातलं आयुष्य जवळजवळ कोरं आहे. कादंबरीकाराला त्यात हवं ते घालता येतं. मार्लो तर ३० मे १५९३ रोजी डेटफर्डच्या एका घरात भोसकला गेला, आणि त्याच्या चौकशीचा अहवाल अभ्यासकाच्या हाती लागला तो १९२५ मध्ये.

पण मला वाइल्डच जास्त जवळचा वाटतो, आणि त्याचं कारण आहे १८९५. त्या वर्षी एप्रिलमध्ये वाइल्ड लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात उभा राहिला. मार्क्वेस ऑफ क्वीन्सबेरी या सरदारावर बदनामीचा खटला त्यानेच भरलेला. उलटतपासणीला उभे राहिले एडवर्ड कार्सन, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वाइल्डच्याच वेळी शिकलेले. साक्षीत वाइल्डने आपलं वय एकोणचाळीस सांगितलं. खरं वय होतं चाळीस. कार्सन यांनी ते सुरुवातीलाच पकडलं. एका वर्षाचा फरक, पण साक्षीदार खरं बोलत नाही हे ज्यूरीला दिसलं. मग कार्सन यांनी कोर्टात ‘डोरियन ग्रे’मधले उतारे वाचून दाखवले. लँगहॅम हॉटेलातल्या त्या जेवणातून निघालेली कादंबरी, श्रोतेहो, लेखकाच्याच विरुद्ध वापरली गेली. खटला उलटला, समलैंगिक संबंधांच्या आरोपावरून वाइल्डलाच अटक झाली, आणि मे महिन्यात त्याला दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. १९०० मध्ये पॅरिसला तो वारला.

आता ब्रँड्रेथच्या मालिकेतली कादंबरी हातात घ्या. वाइल्ड खोलीत शिरतो, मेणबत्त्यांचा वास ओळखतो, कोण खोटं बोलतंय ते सांगतो. आपण खुश होतो, आणि त्याच वेळी मनात वर्षं मोजत राहतो. खुनी कोण, हे शेवटच्या पानावर कळणार असतं. डिटेक्टिव्हचं काय होणार, हे पहिल्या पानापासून माहीत असतं. दुसऱ्यांचं खोटं इतकं अचूक ऐकणारा हा माणूस कोर्टात आपल्याच वयाविषयी खोटं बोलणार आहे. त्याला हाक मारून थांबवावं असं वाटतं.

वाचायची असेल तर आधी ‘साइन ऑफ द फोर’ वाचा, मग ‘डोरियन ग्रे’, आणि मग ही मालिका, १८८९ पासून पुढे, वर्षांच्या क्रमाने. नमस्कार.